चाक सरळ होतं ना, बाबा?

बाबा, एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारण्यासारखी आहे हे कळायलाच मला आजी व्हावं लागलं. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे होते, या थंड विलायतेत, आणि तार हातात पडली तोवर तिकडे सगळं उरकलंही होतं. त्यानंतर तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने कागदावर काय बोलायचं? पण आज सकाळचा चहा झालाय, वर नातीची निघायची तयारी चाललीय, कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज येतायत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद पुढ्यात घेऊन बसलेय. थोड्या थोड्या वेळाने ती जिन्यावरून ओरडते, "आजी, बघितलीस का गं?" आणि मी इथूनच म्हणते, "तुझं रोज काहीतरी हरवतं बाई!" काय हरवलंय ते मागाहून सांगते. आधी गाडीचं सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं काही कळायचं नाही.

आम्ही गाडी घेतली, बाबा. म्हणजे घेतली नातीने, स्वतःच्या पगारातून, पण मी हो म्हटलं म्हणून घेतली, तेव्हा अर्धी माझीच समजा. ही माझ्या लेकाची लेक. जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे, कुत्र्यामांजरांना टाके घालते, आणि नोकरी जवळ पडते म्हणून इथे वॉटफर्डला माझ्याकडे राहते. गाडी कसली तर शर्यतीतल्यासारखी. दारं नाहीत. छप्पर नाही. पुढची काच म्हणाल तर दोन बशा उभ्या केल्यासारखी, नाकापुरती. आणि ही गाडी कारखान्यात झालेली नाही, बाबा. ही गाडी खोक्यांमधून येते. सांगाडा एका खोक्यात, पत्रे दुसऱ्यात, इंजिन कुठल्यातरी जुन्या मोडीत गेलेल्या गाडीचं, आणि माणसं आपापल्या घरी बसून ती जोडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, अगं, घरी केलेलं लोणचं चांगलं असतं, पण घरी केलेली गाडी? तर म्हणते, "आजी, सरकारी माणूस टेस्ट करतो ना, मग नंबर देतो." आता सरकारी माणूस म्हटल्यावर तर मला जास्तच शंका आली. ती तुमच्याकडूनच आली माझ्याकडे.

तुम्ही कुणावर विश्वास ठेवलेला मला आठवत नाही. आपल्या घाण्यावर कुणी तीळ घेऊन आलं की आधी दोन दाणे दाताखाली चावायचात, मग हातात घेऊन फुंकर मारायचात, मग पोतं उपडं करून तळाशी ओले भरलेत का बघायचात. शेजाऱ्याने आंबे पाठवले तर आंब्यांच्या आधी आणणाऱ्याचं तोंड बघायचात. आणि विकाऊ काही दिसलं, बैल असो, समई असो, शिवणाचं यंत्र असो, तुमचं एकच वाक्य: "चांगलं असतं तर विकलं कशाला असतं?" आई लवकर गेली, त्यामुळे ते वाक्य दिवसभर ऐकायला घरात मी एकटीच होते. मी बैलामागून चालायचे, तुम्ही तेलाचा थेंब दोन बोटांत घोळवून वास घ्यायचात, आणि मी फेरा मारून समोर येईपर्यंत तुमच्या कपाळाला आठी असायची. स्वतःच्या घाण्याच्या तेलावरसुद्धा संशय!

ते सगळं माझ्यात उतरलंय. इथे मी दुकानातून आणलेलं लिंबूसुद्धा परत नेऊन देते. तुमच्या जावयांना माझी लाज वाटायची. ते बिचारे हॉस्पिटलच्या बॉयलरवर कामाला होते, कुणी काही दिलं की थँक्यू म्हणून घ्यायचे. सोफा आला तेव्हा मी तो उलटा करून बघितला आणि परत पाठवला, का तर खालचे खिळे मला पटले नाहीत. घरात आता नियमच झालाय, काही घ्यायचं तर आजीला दाखवा, खोट असेल तर ती काढेल. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर नातीने दोन वर्षं त्या गाडीचा ध्यास घेतला. जेवताना फोनवर गाडी, झोपताना फोनवर गाडी. तिने मला टर्बो म्हणजे काय ते समजावलं. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो ना, तोच एक पंखा फिरवतो, आणि तो पंखा इंजिनात आणखी हवा कोंबतो, म्हणजे गाडी आणखी जोरात. मी म्हटलं, म्हणजे बैल धापा टाकतोय आणि त्याच्याच धापांचा वारा करून त्याला आणखी पळवायचं? ती खो खो हसली. "एक्झॅक्टली, आजी!" मला हसू आलं नाही. जे स्वतःच्याच धुरावर माजतं त्याचा भरवसा काय? आणि वजन म्हणाल तर एका पोसलेल्या म्हशीएवढं, असं तीच म्हणाली, तिला जनावरांची वजनं पाठ. एवढ्याशा वजनाला एवढा जोर लावल्यावर ते उडणार नाही तर काय?

मग तिला ती मिळाली, क्रॉयडनला, एका गोऱ्या म्हाताऱ्याकडे. माझा लेक, म्हणजे तिचा बाप, ऐकून लालेलाल. तिच्याशी भांडून झालं आणि मग त्याने मला फोन केला. "आई, ती डेथट्रॅप आहे. एअरबॅग नाही, काही नाही. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकते. तू जा तिच्याबरोबर आणि काहीतरी खोट काढ."

"आणि खोट नसली तर?"

"आई, तुला कधी खोट सापडली नाही असं झालंय का?"

त्याच संध्याकाळी पोरगी माझ्यापाशी येऊन बसली. तिचं मराठी तसं मोडकं आहे, गाडीला कधी तो म्हणते कधी ती, पण बोलते माझ्याशी मराठीतच. म्हणाली, "आजी, तू ये. पप्पा काहीपण बोलू दे. पण तुला फॉल्ट दिसला ना, तर मी नाही घेणार. प्रॉमिस. तू नाही बोललीस तर नाही." आणि माझा हात हातात घेतला. म्हणजे बघा बाबा, एकाने मला खोट काढायला पाठवलं, आणि दुसरीने माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. मी दोघांनाही हो म्हटलं.

आम्ही आगगाडीने गेलो, मग ट्रामने. डब्यात मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती, कारण परक्याच्या घरी काय देतील सांगता येत नाही. क्रॉयडन मला नवं नाही. आल्या आल्या तुमचे जावई मला तिथल्या सरकारी कचेरीत कागदांसाठी घेऊन गेले होते. तिथल्या बाईने जन्मतारीख विचारली. मी सांगितलं, बाबा म्हणायचे नारळीपौर्णिमेच्या आसपास, समुद्र खवळलेला होता. त्या बाईने पेन खाली ठेवलं. मग जावयांनीच एक तारीख ठोकून दिली, आणि तेव्हापासून मी त्या दिवशी केक कापते. हे आठवायचं कारण, गाडीच्या नंबराच्या सुरुवातीला क्यू होता. मी लगेच पकडलं, हे काय? नात म्हणाली, वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडलेत, खरं वय सांगता येत नाही, म्हणून सरकार क्यू देतं. मनात म्हटलं, म्हणजे हिचीही जन्मतारीख ठोकूनच दिलेली. पण म्हणून मी पाघळले नाही. आपल्यासारखी दिसते म्हणून वस्तू चांगली ठरत नाही, हे तुमचंच.

म्हातारा दारात उभाच होता. त्याची बायकोही. फार गोड हसत होते दोघं, त्याचाच मला पहिला संशय आला. गॅरेज बघावं तर आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ, हत्यारं भिंतीवर मापाने टांगलेली. एवढं स्वच्छ माणूस कधी ठेवतो? काही लपवायचं असलं की. गाडी गोधडीखाली झाकलेली, म्हातारीने गोधडी काढली आणि आमच्या पोरीच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. हिरवी, बाबा. आपल्या विहिरीतल्या शेवाळ्यासारखी हिरवी. मी तोंड मख्ख ठेवलं.

मग मी सुरुवात केली. वाकून बघितलं, खाली पुठ्ठा अंथरलेला होता, त्यावर तेलाचा डाग शोधला, नव्हता. म्हटलं पुठ्ठा नवा टाकला असेल. म्हाताऱ्याला नातीकडून सांगितलं, तेल दाखव. त्याने एक सळई ओढून काढून पुढे धरली. मी थेंब बोटांत घेतला, घोळवला, वास घेतला, तुमच्यासारखी आठी घातली आणि म्हटलं, हं, जळकट आहे. नातीने ते इंग्रजीत सांगितलं. म्हातारा म्हणाला, कालच नवीन घातलंय, आणि कोपऱ्यातला डबा दाखवला. त्याची बायको तोंडावर हात धरून हसली. तुमच्या घाण्याची विद्या क्रॉयडनात चालली नाही, बाबा. मग मी पत्र्यावर टिचक्या मारल्या. सीटची शिवण ओढून बघितली. पट्टे ओढून बघितले, ते चारी बाजूंनी बांधायचे असतात, पोरांना पाळण्यात बांधतात तसे. कुठे काही मिळेना. शेवटी मी तुमचा हुकमी एक्का काढला. "विचार त्याला, एवढी चांगली आहे तर विकतोय कशाला?"

तिने विचारलं. म्हाताऱ्याने कोट काढून बायकोकडे दिला, पाय उचलून सीटवर ठेवला, डोक्यामागच्या लोखंडी नळीला धरून हळूहळू आत घसरला आणि बसला. मग आमच्याकडे बघून हात पसरले. निघता येईना. गुडघे. बायकोने पाठीमागून काखेत हात घातले, त्याने एक पाय काढला, मग ती ओढतेय, तो शिव्या देतोय, दोघं हसतायत. बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता. "आत जाता येतं," तो म्हणाला, "पण माझी बायको दर वेळी बरोबर नसते." एवढंच कारण. इतक्या वर्षांनी तुमच्या त्या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलं, आणि मला ते आवडलं नाही. कारण आता माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

नात माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, चाक बघायचंय. म्हाताऱ्याने जॅक लावून पुढची बाजू उचलली. आता बघा बाबा, चाक बघायचं हे मला सुचलं कुठून? मला चाकातलं काय कळतं? पण मी पुढे झाले, एका हाताने चाक धरलं आणि जोरात फिरवलं. फिरलं. आवाज नाही, हेलकावा नाही. जिथल्या तिथे नुसतं फिरत राहिलं. मला डोळ्यांसमोर काय दिसत होतं सांगू? हे चाक नव्हे. त्या हिरव्या गाडीच्या बाहेर पडलेले आमच्या पोरीचे दोन पाय. आणि मी कपाळाला आठी घालून म्हटलं, "आऊट आहे," म्हणजे चाक वाकडं फिरतंय.

नातीने चाकाकडे बघितलं. ते अजून फिरत होतं, सरळ. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिने दोन वर्षं अभ्यास केलाय, तिला माझ्याहून जास्त कळतं. वाद घालेल असं वाटलं. तिने नुसतं म्हटलं, "ठीक आहे, आजी." आणि म्हाताऱ्याने घालून बघायला दिलेलं हेल्मेट हळूच त्याच्या बाकावर ठेवलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तिचं तोंड बघवेना म्हणून मी म्हटलं, "चल, स्टेशनजवळ तुला आईस्क्रीम घेऊन देते."

बाबा, हे तोंडातून गेलं आणि माझ्या कानात सोड्याच्या बाटलीतली गोटी वाजली.

तुम्हाला आठवतंय का? आठवत असणारच. माझी चौथी झाली होती. पुढची शाळा खाडीपलीकडे, चालत जाण्यासारखी नाही. रेवदंड्याला एका मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिची सायकल विकायची होती. तुम्ही मला घेऊन गेलात. शब्बाथचा शनवार सोडून घाणा कधी बंद ठेवला नव्हता तुम्ही, त्या दिवशी बुधवारी बंद ठेवलात. सायकल काळी होती, मागच्या चाकाला रंगीत दोऱ्यांची जाळी. मास्तर म्हणाले, बघा, तपासा. तुम्ही घंटी वाजवलीत, ब्रेक दाबलात, सीट दाबलीत. मग हँडल धरून पुढचं चाक उचललंत आणि फिरवलंत. मी खाली बसले होते, माझं नाक चाकाशी होतं. आऱ्या सगळ्या एक होऊन गेल्या आणि त्यांच्यातून मला मास्तरांचं अंगण दिसत होतं, तुळस दिसत होती, काही हलत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आऊट आहे." मी म्हटलं, "बरं, बाबा."

आणि परत येताना तुम्ही मला गोटी सोडा पाजलात. तुम्ही! बाहेरच्या पाण्यावर सुद्धा ज्यांचा विश्वास नव्हता ते तुम्ही दुकानासमोर उभे राहून मला म्हणालात, पी, थंड आहे. मी किती खूश झाले होते. आयुष्यभर तो सोडा मी पोरांना सांगत आले, माझे बाबा असे होते, सायकल मिळाली नाही म्हणून मला वाईट वाटू नये म्हणून सोडा पाजला. लिंबं उलटीपालटी करून घेणारी बाई मी, सोफ्याचे खिळे मोजणारी, त्या सोड्यावर मला कधी संशय आला नाही. खाडीच्या त्या लाकडी पुलाची भीती वाटली का तुम्हाला? की सुरूच्या बनातून मी एकटी येणार त्याची? की मी रोज सकाळी जाईन आणि तुम्ही बैलाबरोबर एकटे राहाल त्याची? मी रागवायला नाही विचारत. आता मला कळतं ते कसं होतं. तोंडातून आपोआप जातं. पण चाक सरळ होतं ना, बाबा?

मी तिथेच उभी होते, क्रॉयडनला. म्हातारा जॅक खाली घ्यायला वाकला होता. मी म्हटलं, थांब. नातीला म्हटलं, "त्याला सांग, परत फिरव." त्याने फिरवलं. मी चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला, खूप वेळ बघितलं. "सरळ आहे," मी म्हटलं. "मघाशी चष्म्यावर वाफ होती."

"आजी, श्योर?"

"मला विचारतेस? माझ्याइतकं बारीक कोण बघतं?"

तिने मला अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला. म्हाताऱ्याची बायको रडायलाच लागली, तिला वाटलं आपली गाडी चांगल्या घरी चालली. लेकाने मग माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलणं सोडलं. फोन करायचा, "जेवलीस?" एवढं विचारायचा आणि ठेवून द्यायचा. शेवटी म्हणाला, "आई, तुला एक काम सांगितलं होतं." मी म्हटलं, "केलं की. खोट शोधली. नव्हती."

गाडी घरी आली त्या रविवारी मी मलिदा केला. पोहे भिजवले, नारळ खवला, साखर, वेलची, पाच फळं, सगळं तुमच्या वेळी व्हायचं तसं. इथे आपल्यातली, कोकणातली यहुदी माणसं थोडी, त्यात मराठी कळणारी आणखी थोडी, पण आली. समोरच्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या, त्या चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आल्या, म्हटलं ठेवा, एवढ्या जोराच्या गाडीला सगळ्यांचंच पाठबळ असू दे. आलेल्यांच्या मुलांनी विचारलं, आजी, दारावर देवाच्या वचनाचा मेझुझा ठोकतो ना, मग गाडीला? म्हटलं लावला असता रे, पण दार कुठाय? एलियाहू हन्नाबीचं, आपल्या त्या रथातल्या पैगंबराचं, नाव घेतलं तेव्हा मला एकदम तो अलिबागजवळचा खडक आठवला, तुम्ही मला खांद्यावर बसवून दाखवला होतात, एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा. तो इथूनच आकाशात गेला म्हणायचात. फक्त त्या एकाच चाकाबद्दल तुम्ही शंका घेतली नाहीत. मी मनात म्हटलं, एलियाहू हन्नाबी, तुझ्या रथालाही दारं नसतीलच. या पोरीकडे बघ.

मग नात म्हणाली, चल, फेरी मारू. मला आत घालायला दोघं लागले, ते सोडा. मांडीवर मलिद्याचं ताट, वर चंदेरी कागद, हॅरोला एका आजारी मैत्रिणीला पोचवायचं होतं. डोक्यावर हेल्मेट. गाडी इतकी खाली की बसचं चाक माझ्या कानाशी. सिग्नलला बाजूच्या गाडीतली पोरं माझा फोटो काढतात आणि मी हात करते. आणि मग मोठा रस्ता येतो. ती म्हणते, "आजी, रेडी?" मी म्हणते, "कशाला रेडी?" आणि मागून कुणीतरी शीळ घातल्यासारखं होतं, बारीक, वाढत जाणारी, आणि मग कुणीतरी मला पाठीतून धरून पुढे फेकतं. बाबा! चंदेरी कागद उडाला. त्यामागून पोहे. सगळा मलिदा, नारळासकट, वर, मागे, रस्ताभर. मी ओरडत होते, "अगं थांब! प्रसाद!" आणि ओरडता ओरडता मला हसू आवरेना, आणि तोंडात वारा भरला, आणि डोळ्यांतून पाणी. हॅरोला पोचलो तेव्हा ताटात एक केळं उरलं होतं. मैत्रीण म्हणाली, "मलिदा कुठाय?" म्हटलं ज्याचा होता त्याला पोचला थेट.

मला फार आवडते ती गाडी. हे मी लेकाला सांगितलेलं नाही. मी अजून तिच्यावर संशय घेते, रोज. पावसात ओली झाली की सीटखाली हात घालून बघते. रात्री गॅरेजचं कुलूप दोनदा ओढते. शनवारी ती बाहेर निघत नाही, ही माझी अट, आणि पोरगी पाळते, कुरकुरत. एरवी मी भाजी चिरताना कान रस्त्याकडे ठेवते आणि कोपऱ्यावर ती शीळ वाजली की मगच फोडणी घालते. तुम्हीही असेच उभे असायचात का? मी पाणी भरायला गेले तरी?

आज ती लांब चाललीय. वेल्सच्या डोंगरात, तिथे दोन मैत्रिणी भेटणार आहेत, पण जाताना ती एकटी. रस्ते वळणाचे, एका बाजूला दरी, मी फोनवर चित्रं बघितली. सकाळपासून आभाळ भरलंय. मी डबा भरून दिलाय, ओढणी दिलीय, शमाची प्रार्थना म्हणून झालीय. बाकी सगळं आवरलंय, फक्त एक वस्तू सापडत नाही म्हणून ती तासभर घर उलथंपालथं करतेय.

आता खाली आलीय. दारात उभी आहे, हेल्मेट काखेत. "आजी, खरंच नाही बघितलीस?" मी मान हलवली, वर न बघता, लिहीत राहिले. ती माझ्याकडे बघते, मग माझ्या हाताकडे, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे, कपाळाला बारीकशी आठी. तुमची आठी, बाबा. तिने तुम्हाला कधी बघितलंसुद्धा नाही.

आणि मग म्हणते, "ठीक आहे, आजी. मी त्यांना फोन करते, नाही येत सांगते. तू टेन्शन नको घेऊ. दुपारी आपण दोघी कुठेतरी जाऊ, चालेल? मी तुला आईस्क्रीम देईन."

तिला तो सोडा माहीत आहे, बाबा. लहानपणापासून माझ्याकडून ऐकलाय तिने. क्रॉयडनपासून तिला त्याचा संशय आला असणार.

किल्ली या कागदाखाली आहे. ती द्यायची म्हणजे कागद उचलावा लागणार, तेव्हा आता लिहिणं बंद करते.